सोमाचे पाषाण, अँडीजमधील खल आणि विधीनंतर उरणारा पुरावा

सोमयागात सोमवल्ली ठेचून तिचा रस काढण्यासाठी जे दगड वापरले जातात, त्यांना वैदिक वाङ्मयात ‘ग्रावा’ किंवा ‘अद्री’ म्हणतात. यज्ञाच्या इतर उपकरणांप्रमाणे ही केवळ साधने नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७६, ९४ आणि १७५ या तीन सूक्तांची देवता हे दगडच आहेत, आणि त्यांची स्तुती करण्यासाठी सोळा ऋत्विजांमध्ये ‘ग्रावस्तुत’ नावाचा एक स्वतंत्र ऋत्विज नेमलेला असतो. दगडाला उद्देशून इतके नेमके आणि इतके प्राचीन वाङ्मय अन्यत्र क्वचितच असेल. असे असूनही, ज्यावर प्राचीन काळी निश्चितपणे सोम ठेचला गेला असे सर्व अभ्यासकांना मान्य होईल असा एकही दगड आजवर उत्खननात हाती आलेला नाही. सोम ही मूळ वनस्पती कोणती, याचाही निर्णय झालेला नाही.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे ग्रंथ नाहीत, मंत्र नाहीत, ऋत्विजांची नावे नाहीत. परंतु कोरीव खल, तपकीर ओढण्याची तबके आणि नळ्या आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या आत मूळ द्रव्याचे अंश अजून शिल्लक आहेत. पेरू देशातील चाविन दे वांतार या स्थळी सापडलेल्या नळ्यांचे रासायनिक विश्लेषण २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यामुळे प्राचीन विधींतील मादक वनस्पतींचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला असून, अशा चर्चेत सोमाचे नाव हटकून निघते. म्हणून या दोन्ही परंपरांतील पाषाणांविषयी निश्चित माहिती कोणती आणि अनुमान कोणते, हे वेगळे करून पाहणे उपयुक्त ठरेल.

अग्निष्टोमातील ग्रावे

सर्व सोमयागांची प्रकृती म्हणजे अग्निष्टोम. तो पाच दिवसांचा असतो आणि सोमरस काढण्याचे कृत्य पाचव्या, म्हणजे ‘सुत्या’ दिवशी होते. त्यापूर्वी सोम विकत घेतला जातो. विक्रेत्याशी घासाघीस होते, गाय देऊन सौदा पुरा होतो आणि शेवटी त्या विक्रेत्यालाच हुसकावून लावले जाते. त्यानंतर मात्र सोम हा ‘राजा’ ठरतो. त्याला गाड्यावरून आणून त्याच्यासाठी आतिथ्येष्टी करतात.

हविर्धान मंडपात जमिनीत चार खड्डे खणलेले असतात. त्यांना ‘उपरव’ म्हणतात. ते वरून वेगवेगळे दिसले तरी खाली एकमेकांना जोडलेले असतात. त्यांवर दोन फळ्या, फळ्यांवर बैलाचे कातडे आणि कातड्यावर दगड मांडतात. दगडांची संख्या शाखेनुसार चार किंवा पाच सांगितली आहे. सोमाच्या काड्यांवर पाणी शिंपून त्या ठेचू लागले की खालचे पोकळ खड्डे घुमतात. सूक्तांमध्ये दगडांच्या नादाचे जे वर्णन वारंवार येते, त्यांना बोलणारे, ओरडणारे, बैलांप्रमाणे हंबरणारे म्हटले आहे, त्याचा उलगडा या रचनेवरून होतो. ते केवळ काव्य नव्हे. मंडपाखाली खरोखरच एक वाद्य पुरलेले असे. निघालेला रस लोकरीच्या गाळणीतून द्रोणकलशात उतरतो. ऋग्वेदाचे संपूर्ण नववे मंडल, त्यातील ११४ सूक्ते, या गाळल्या जाणाऱ्या सोमाला वाहिलेले आहे. दिवसभरात सकाळी, माध्यान्ही आणि तिसऱ्या प्रहरी अशी तीन सवने होतात.

ग्रावस्तुताचे काम माध्यंदिन सवनात असते, आणि ते तो डोळ्यांवर पागोटे गुंडाळून करतो. ऐतरेय ब्राह्मणात याचे कारण एका कथेने सांगितले आहे. देवांच्या सत्रात अर्बुद काद्रवेय नावाचा सर्परूपी ऋषी रोज माध्यान्ही येऊन दगडांची स्तुती करू लागला. त्याची विषारी दृष्टी राजा सोमावर पडते आणि सोम देवांना उन्मत्त करतो, असे देवांच्या लक्षात आले; तेव्हा त्यांनी त्याचे डोळे पागोट्याने बांधले. दहाव्या मंडलातील ९४ व्या सूक्ताचा ऋषी म्हणून परंपरा याच अर्बुदाचे नाव देते. सोमाचा मद आणि त्याविषयीची भीती या दोहोंची आठवण या कथेत एकत्र टिकून राहिली आहे, आणि सोमाच्या परिणामाविषयी बोलताना ती सहसा उद्धृत केली जात नाही, हे थोडे आश्चर्याचे आहे.

मोठा याग न करता घरातल्या उखळ-मुसळाने सोम काढण्याची पद्धतही ऋग्वेदाला ठाऊक आहे. पहिल्या मंडलातील २८ वे सूक्त उखळालाच उद्देशून आहे. पारशी समाजाच्या यस्न विधीत ‘होम’ वनस्पतीच्या काड्या आजही खलातच कुटल्या जातात. अवेस्तात दगडी आणि धातूचा अशा दोन्ही खलांचा उल्लेख येतो. प्रचारात आज धातूचा खल आहे. सोम आणि होम (अवेस्तातील ‘हओम’) हे शब्द एकाच मूळ शब्दाची दोन रूपे असून, भारतीय आणि इराणी शाखा विभक्त होण्यापूर्वीपासून हा विधी चालत आला असावा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद नाही.

महाराष्ट्रातील उल्लेख आणि अभ्यास

दख्खनमध्ये सोमयाग होत असल्याचा शिलालेखीय पुरावा दोन हजार वर्षांहून जुना आहे. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो प्रदीर्घ लेख आहे, त्यात अश्वमेधासह गवामयन, गर्गत्रिरात्र, अप्तोर्याम असे याग केल्याचे आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांच्या दक्षिणांचे तपशील आहेत. विदर्भातील वाकाटकांचे ताम्रपट पहिल्या प्रवरसेनाने अग्निष्टोम, अप्तोर्याम, उक्थ्य, षोडशी, अतिरात्र, वाजपेय इत्यादी याग आणि चार अश्वमेध केल्याचे सांगतात. हे सर्व सोमयाग आहेत. म्हणजे नाणेघाटाच्या परिसरात आणि विदर्भात त्या काळी ग्रावे घडवले, वापरले आणि वाजवले गेले होते. दक्षिणा मोजून लिहिली गेली; दगडांची नोंद कोणी केली नाही.

आधुनिक काळात या विधीचे प्रत्यक्ष निरीक्षण करणाऱ्या पहिल्या पाश्चात्त्य संस्कृतज्ञांत मार्टिन हौग यांची गणना होते. १८५९ मध्ये ते पुण्याला संस्कृतच्या अध्यापनासाठी आले. श्रौत कर्म जाणणारे ब्राह्मण ते परक्याला दाखवण्यास राजी नसत. बऱ्याच खटपटीनंतर हौग यांना एक श्रौती मिळाला आणि त्याने त्यांच्या आवारात एका बाजूला, आडोशाच्या जागी सर्व क्रिया करून दाखवल्या. ऐतरेय ब्राह्मणाची त्यांची आवृत्ती आणि भाषांतर १८६३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले, त्यामागे हा अनुभव होता. सोमरस त्यांनी स्वतः चाखूनही पाहिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो पांढरट, तुरट, कडू आणि अत्यंत बेचव होता. थोडासा मादक परिणाम जाणवला, परंतु काही चमच्यांपलीकडे तो पिणे त्यांना शक्य झाले नाही.

हौग यांनी चाखलेली वनस्पती मूळ सोम होती, असे मात्र समजता येत नाही. दक्षिणेत सोमवल्ली म्हणून बहुधा जी वापरली जाते, ती रुईच्या कुळातील, पाने नसलेली, चिकाची वेल आहे. मूळ सोम मिळत नसल्याची कबुली ब्राह्मणग्रंथांनीच दिली असून पूतीक, फाल्गुन अशा प्रतिनिधी वनस्पती त्यांनी सांगितल्या आहेत. त्यामुळे ‘सोम’ या नावाने आज जे ठेचले जाते त्यावरून वैदिक सोमाच्या गुणधर्मांविषयी काहीच सिद्ध होत नाही.

या विषयाचा पुढील अभ्यास मोठ्या प्रमाणात पुण्यात झाला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) श्रौत यज्ञांचे सविस्तर निरूपण आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या वैदिक संशोधन मंडळाने ‘श्रौतकोश’ हा प्रकल्प हाती घेतला. चिं. ग. काशीकर आणि रा. ना. दांडेकर यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. याच मंडळाने १९८९ मध्ये त्र्यं. ना. धर्माधिकारी यांनी सिद्ध केलेला ‘यज्ञायुधानि’ हा यज्ञपात्रांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. कोणते पात्र कोणत्या लाकडाचे, किती लांबीचे, कशा आकाराचे, हे ज्यांना वाचून कळत नाही त्यांनी तो अवश्य पाहावा. सोमयागाची परंपरा देशात अद्याप खंडित झालेली नाही. केरळमधील पांजाळ येथे १९७५ मध्ये झालेल्या अतिरात्राचे फ्रिट्स स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले चित्रीकरण आणि त्यावरील १९८३ चा ‘अग्नी’ हा द्विखंडात्मक ग्रंथ जगभर संदर्भासाठी वापरला जातो.

मग प्राचीन ग्रावे गेले कोठे?

याचे बरेचसे उत्तर विधीतच आहे. सोमयागाच्या शेवटी यजमान ‘अवभृथ’ नावाच्या स्नानासाठी जलाशयावर जातो. त्या वेळी पिळून उरलेला चोथा आणि सोमाने माखलेली उपकरणे पाण्यात सोडून द्यावीत, असे सूत्रग्रंथ सांगतात. दुसरी शक्यता यजमानाच्या मृत्यूनंतरची. अग्निहोत्र्याच्या देहाबरोबर त्याची यज्ञपात्रे चितेवर ठेवली जातात. आश्वलायन गृह्यसूत्रात कोणते पात्र शरीराच्या कोणत्या भागावर ठेवायचे याची यादी आहे, आणि तिच्यात ग्रावे मृताच्या दातांवर ठेवण्यास सांगितले आहे. त्याच सूत्रात धान्य दळण्याचा पाटा-वरवंटा मात्र मुलाने घरी ठेवून घ्यावा, अशी सूट आहे. व्यवहार आणि विधी यांच्यातील सीमारेषा इतक्या साधेपणाने क्वचितच आखली गेली असेल: घरात उपयोगी पडणारा दगड घरात राहतो, सोमाचा दगड जळतो किंवा बुडतो.

साहजिकच पुरातत्त्वज्ञाला पाटे-वरवंटे भरपूर मिळतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे उजेडात आली, तशी दळण-कांडणाची साधनेही मिळाली. नदीच्या पात्रातून निघालेला एखादा ग्रावा मात्र कोणी हातात घेतला तरी तो सामान्य गोट्याहून वेगळा ओळखू येणे अवघड आहे. त्यावर कोरीव काम नसते. शिवाय वाहत्या पाण्याने किंवा चितेच्या आगीने वनस्पतीचा अंश त्यावर शिल्लक ठेवला असण्याचा संभवही कमीच.

अँडीजमधील वस्तू

अँडीजमध्ये वस्तूंचा प्रवास दुसऱ्या दिशेने झाला. त्या मृताबरोबर पुरल्या गेल्या किंवा बंद दालनात राहिल्या, आणि अटाकामाच्या वाळवंटासारख्या कोरड्या हवेने त्या जपल्या.

चाविन दे वांतार हे पेरूच्या उत्तर-मध्य भागातील, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवरील देवस्थान. इसवी सनापूर्वी साधारण १२०० ते ४०० या काळात ते भरभराटीस होते. १९८५ पासून त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेथील वर्तुळाकार प्रांगणातील एका शिल्पात जग्वारासारखे सुळे आणि सापांचे केस असलेली आकृती हातात सान पेद्रो नावाच्या निवडुंगाचा दांडा धरून उभी आहे. या निवडुंगात मेस्कलिन हे भ्रमजनक द्रव्य असते. भिंतींत बसवलेल्या दगडी मुखवट्यांपैकी काहींच्या नाकांतून स्राव वाहताना दाखवला आहे. तपकीर ओढल्यानंतरची ही अवस्था असावी आणि माणसाचे जग्वारात होणारे रूपांतर त्यातून सूचित होत असावे, असा अर्थ अनेक संशोधक लावतात. चाविन शैलीतील कोरीव दगडी खलही ज्ञात आहेत. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात असलेला जग्वाराच्या आकाराचा खल त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. बाभळीच्या कुळातील विल्का या वृक्षाच्या बिया अशा खलांत वाटून तपकीर केली जात असावी, असे मानले जाते. हे अनुमान आहे. खलाचा आकार आणि कोरीव काम त्याला पुष्टी देतात, इतकेच.

२०२५ च्या अभ्यासाचे महत्त्व यामुळेच आहे. डॅनियल कॉन्ट्रेरास, जॉन रिक आणि सहकाऱ्यांनी शिल्पाच्या अर्थावर विसंबून न राहता सुमारे अडीच हजार वर्षे बंद असलेल्या दालनांतील हाडांच्या आणि शिंपल्यांच्या २३ वस्तू तपासल्या. त्यांपैकी सहा वस्तूंवर तंबाखूतील निकोटिनचे आणि विल्कातील भ्रमजनक द्रव्याचे अंश आढळले. ती दालने इतकी लहान आहेत की त्यांत एका वेळी मोजकीच माणसे मावत. म्हणजे हे सार्वजनिक सेवन नव्हते. विशेष अधिकार असलेल्या थोड्या लोकांपुरते ते राखीव होते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

चिलीतील सान पेद्रो दे अटाकामा येथील थडग्यांत तपकिरीची कोरीव तबके आणि नळ्या शेकड्यांनी मिळाल्या आहेत. बहुतेक लाकडी असून त्यांच्यावर बोलिव्हियातील तिवानाकु संस्कृतीची चिन्हे दिसतात. तिवानाकु आणि वायव्य अर्जेंटिनात दगडाची तबकेही घडवली जात. सोल्कोर येथील एका थडग्यातील तपकिरीच्या पूडीचे विश्लेषण १९९१ मध्ये झाले आणि तीत विल्कातील द्रव्ये सापडली. २०१९ मध्ये बोलिव्हियातील चिलेनो गुहेत मिळालेल्या सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या चामडी बोचक्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाकडी तबके, एक नळी आणि कोल्ह्यांच्या तीन थोबाडांची शिवलेली थैली होती. त्यांवर कोकेन, विल्कातील द्रव्ये आणि हार्मिन या अल्कलॉइडचे अंश होते. हार्मिन देणारी वनस्पती त्या परिसरात उगवत नाही. ती दूरच्या अरण्यातून आणवलेली असणार.

सोमाच्या चर्चेत पाषाणांची साक्ष

हार्मिन हे नाव सोमाच्या अभ्यासकांना परके नाही. १९८९ मध्ये डेव्हिड फ्लॅटरी आणि मार्टिन श्वार्ट्झ यांनी होम म्हणजे इराण-मध्य आशियातील हरमल असावे, असा सिद्धांत मांडला. हरमलाच्या बियांत याच वर्गातील अल्कलॉइडे असतात. त्यापूर्वी, १९६८ मध्ये रॉबर्ट गॉर्डन वॉसन यांनी सोम म्हणजे लाल टोपीचे, पांढऱ्या ठिपक्यांचे विषारी अळिंब, असे प्रतिपादन केले होते आणि त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. हॅरी फाल्क यांनी १९८९ मध्येच एफेड्राचा पक्ष घेतला. एफेड्रा ही सांधेदार हिरव्या काड्यांची झुडुपे असून, पारशी विधीत ‘होम’ म्हणून इराणातून आणल्या जाणाऱ्या काड्याही त्याच वंशाच्या आहेत. एफेड्राने भ्रम होत नाही. झोप उडते आणि उत्साह येतो. रात्रभर चालणाऱ्या अतिरात्रासारख्या यागात असे पेय का लागावे, हे त्यावरून समजते.

या वादात ग्राव्यांना खरे तर अधिक महत्त्व मिळायला हवे. अळिंब पिळायला चार दगड, दोन फळ्या, कातडे आणि लोकरीची गाळणी कशासाठी? ते हाताने चुरगळता येते. ब्रिटिश संस्कृतज्ञ जॉन ब्रॉ यांनी १९७१ मध्ये वॉसन यांच्या मताचे खंडन करताना सोमाचे वर्णन तंतुमय काड्यांना जुळते, याकडे लक्ष वेधले होते. विधीतील सर्व साधनसामग्री पाण्याने भिजवून ठेचल्याखेरीज रस न देणाऱ्या, चोथा उरणाऱ्या काडीसाठी योजलेली आहे. हरमलाच्या बियांसाठी ती गरजेपेक्षा मोठी, अळिंबासाठी निरर्थक, आणि एफेड्रासारख्या काडीसाठी योग्य वाटते. हा पुरावा निर्णायक नाही. पण ठोस आहे.

केवळ वस्तूवरून पेय ठरवण्यातले धोकेही नजरेआड करता येत नाहीत. इराणमधील पर्सेपोलिस येथे १९३० च्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात हिरव्या दगडाचे खल, बत्ते आणि थाळ्या शेकड्यांनी सापडल्या. त्यांपैकी अनेकांवर अरामी लिपीत मजकूर होता. रेमंड बोमन यांनी १९७० मध्ये ती होम काढण्याची विधिपात्रे ठरवली. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी त्यावरील मजकूर राजकोशातील नोंदींचा आहे, विधीचा नाही, असे दाखवून दिले. तुर्कमेनिस्तानातील मार्गियाना परिसरात व्हिक्टर सारियानिदी यांनी एफेड्रा, भांग आणि खसखस यांचे अंश मिळाल्याचे जाहीर केले आणि ती सोमाची मंदिरे असल्याचे सांगितले. नेदरलँड्समधील वनस्पती-पुरातत्त्वज्ञ कोरी बाकेल्स यांना भांड्यांवरील ठशांत मात्र वरीसारखे धान्य दिसले. ‘सोम सापडला’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून येते तेव्हा हे दोन प्रसंग आठवणे बरे.

चाविनच्या नळ्यांवर जी चाचणी झाली, ती दगडाच्या सूक्ष्म रंध्रांवरही करता येते. पाट्या-वरवंट्यांवरील स्टार्चचे कण आणि अन्य अंश तपासण्याची पद्धत पुरातत्त्वात रूढ झाली आहे. मात्र त्यासाठी दगड उत्खननातून निघताच न धुता वेगळा ठेवावा लागतो. पूर्वीच्या उत्खननांतले दगड धुऊन, क्रमांक घालून कपाटात ठेवले गेले आहेत. सोमाच्या बाबतीत तर दगड आधी मिळायला हवा, आणि सूत्रग्रंथांच्या आज्ञेप्रमाणे तो नदीच्या तळाशी किंवा राखेत गेलेला आहे.